आत्याच्या स्कूटरचे साडेसात हजार किलोमीटर

प्रिय आत्या,

तू गेलीस त्याला आठ महिने झाले. एवढ्या दिवसांत पत्र लिहिलं नाही, कारण तक्रार करावी असं काही हाती नव्हतं. आता आहे. तुझी स्कूटर परवाच्या रविवारी सुरू झाली, आणि ती सुरू करता करता जे जे सापडत गेलं ते पाहता तुझी उलटतपासणी घेणं मला भाग आहे. तू उत्तर देऊ शकत नाहीस हे ठाऊक आहे. पण जिवंतपणी तरी तू सरळ उत्तर कधी दिलंस?

तेव्हा शांतपणे ऐक. मधेच "अरे पण श्रीपाद" म्हणायची सोय तुला आता नाही, याचा मी पुरेपूर गैरफायदा घेणार आहे.

दिवाळीआधी मागची पत्र्याची शेड रिकामी करायला काढली. वृंदानं भंगारवाला बोलावला होता. त्यानं जुने नळ घेतले, गंजलेली कॉट घेतली आणि तुझ्या स्कूटरवर हात ठेवून म्हणाला, "हे बी घालू काय टेम्पोत, मास्तर?" माझ्या तोंडून नकळत "नको" निघालं.

"मग काय करणार तिचं?" वृंदानं विचारलं.

"दुरुस्त करणार."

"कोण?"

"मी."

वृंदा हसली नाही, हा माझ्या बायकोचा मोठेपणा. एवढंच म्हणाली, "तुम्हाला कुकरची रिंग नीट बसवता येत नाही." ते खरं आहे. पण ज्या गाडीला मी मारलं, ती मीच उठवावी, असं तू गेल्यापासून मनात होतं. संस्कृत शिकलेल्या माणसाला प्रायश्चित्ताचं वेड असतं, हे तू नेहमी म्हणायचीस. तेव्हा तुला मनातून हसू येत असेल, अशी आता मला दाट शंका आहे.

सुरुवात त्या शालीपासून झाली. तू हँडलभोवती तुझी जुनी तपकिरी शाल गुंडाळून वर सुतळीच्या गाठी मारल्या होत्यास. चोवीस वर्षांपूर्वी उचगावहून टेम्पोतून ही गाडी परत आली, तेव्हा ती शेडमध्ये ढकलली मीच. मला वाटलं, बिचारी आत्या, मेलेल्या गाडीलाही धुळीपासून जपतेय. किती भाबडा होतो! धुळीची एवढी काळजी असलेली बाई दोन्ही सीट उघड्या ठेवून फक्त हँडल झाकेल का?

सुतळी कापली, शाल काढली, मीटरची काच ओल्या फडक्यानं पुसली. आतला आकडा होता सत्तावीस हजार सहाशे चाळीस.

तुझा हिशेब असा असणार, की या संस्कृतवाल्याला आकडे कुठले लक्षात राहायला! पण हा एक आकडा मला विसरता येणं शक्यच नव्हतं.

तुला तो दिवस आठवतो का? तेहतीस वर्षं झाली. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. वक्तृत्व स्पर्धेचं भाषण मला पन्हाळ्याच्या तटावर उभं राहून मोठ्यानं म्हणून बघायचं होतं, म्हणून मी तुझी स्कूटर मागून घेतली. मागून घेतली म्हणजे खिळ्यावरची किल्ली काढली आणि जिना उतरता उतरता सांगितलं. आपल्या घरात तीच पद्धत होती. गाडी तुझ्या शाळेच्या पगारातून आलेली, तुझ्या नावावरची. पण ती बाबा बँकेत न्यायचे, काका गॅसची टाकी आणायला न्यायचे आणि मी कविता पाठ करायला न्यायचो. टाकी सगळ्यांनी रिकामी करायची आणि भरायची तू.

त्या दिवशीही ती रिकामीच होती. पंपावर थांबलो. पंपावरच्या माणसानं विचारलं, "ऑइल किती टाकू, पावणं?"

असल्या स्कूटरला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं, त्यावाचून इंजिनाला दुसरं वंगण नाही, हे कोल्हापुरात शेंबड्या पोराला कळत होतं. मला कळत नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे मला संशय आला. हा माणूस नको ते माझ्या गळ्यात मारतोय! मी म्हटलं, "ऑइलबिइल काही नको. नुसतं पेट्रोल टाका. मला फसवू नका."

त्यानं ऑइलचं माप खाली ठेवलं. म्हणाला, "बरं. गाडी तुमची, मर्जी तुमची."

मर्जी माझी होती. गाडी नव्हती.

पन्हाळ्याच्या चढावर मीटरचे सगळे नऊ एकदम फिरले आणि बरोबर वीस हजार झाले. त्या चार शून्यांकडे मी असं बघितलं, जशी काही मीच ती कमावली होती. पुढच्या दोन वळणांत इंजिन किंचाळलं आणि मागचं चाक जागच्या जागी थांबलं. भाषण राहिलं. गाडी टेम्पोत घालून घरी आणली तेव्हा तू ओट्यावर बसून गणिताच्या वह्या तपासत होतीस. मी सगळं सांगितलं. पंप, ऑइल, माझा संशय. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "राहू दे. जुनीच झाली होती." आणि पुढची वही उघडलीस.

दोन थोबाडीत दिल्या असत्यास तर मी त्याच संध्याकाळी सुटलो असतो, आत्या.

पंधरा दिवसांनी तू जाहीर केलंस की मेकॅनिकनं हात टेकले, इंजिन मेलं. आणि घरात अडगळ नको म्हणून ती उचगावला त्रिशलाकाकूंच्या मळ्यात ठेवते आहेस. त्रिशलाकाकू म्हणजे शाळेत तुझ्यामागे दोन वर्षं असलेली, उचगावच्या जैन शेतकरी घरात दिलेली, तुला 'अक्का' म्हणणारी तुझी मैत्रीण. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पंपावरच्या निरपराध माणसावर संशय घेणाऱ्या मलाही वाटलं नाही.

मग दोन महिन्यांत बाबांनी जुनी मोटारसायकल घेतली आणि तुझे रविवार सुरू झाले. उचगावला त्रिशलाकडे भजनी मंडळ निघालंय, म्हणालीस. सकाळी दहाला मी तुला तिच्या दारात सोडायचं, संध्याकाळी आणायचं. "पाचला ये. लवकर येऊ नकोस, आमचं मधेच तुटतं." नऊ वर्षं मी पाचच्या ठोक्याला त्या दारात उभा राहिलो. पोहायला जाणं सोडलं, मित्रांच्या सहली सोडल्या. सगळं घर म्हणायचं, श्रीपादनं गाडी घालवली पण भरूनही काढली.

भजन! आत्या, तुला आरतीची टाळी कधी तालात वाजवता आली नाही. हे मला नऊ वर्षांत एकदाही कसं सुचलं नाही?

आणि मागे बसून तू जे करायचीस, तेही आठव. वळण जवळ आलं की माझ्या आधी तुझा उजवा पाय दाबला जायचा. मी क्लच झटक्यात सोडला की तुझ्या तोंडून "च्" निघायचं. सवय जिवंत असल्याशिवाय पाय असा दाबला जातो का?

मुख्य तक्रारीकडे येतो. पुणं.

मला एम.ए.ला पुण्यात प्रवेश मिळत होता, वसतिगृहाचं पत्रही आलं होतं. मी गेलो नाही. घरात सांगितलं, आत्याची गाडी मी घालवली. आता तिला सोडायला-आणायला कोण आहे? मी इथेच शिकलो आणि इथेच एका हायस्कुलात चिकटलो. माझ्याबरोबर ज्यांनी अर्ज केला होता, ते आज कुठे कुठे व्याख्यानं देतात. मी नववीला 'राम'ची रूपं पाठ करून घेतो. याचं दुःख मी कधी फार केलं नाही, कारण ते तुझ्यासाठी होतं. तू तेव्हा एकदा म्हणालीस, "जा की रे. मला बस आहे." मी नाही म्हटल्यावर तू बराच वेळ गप्प राहिलीस. त्या गप्प राहण्याला मी कृतज्ञता समजलो.

आता तूच सांग, मीटरमध्ये साडेसात हजार किलोमीटर जास्त दिसल्यावर माझं काय झालं असेल?

"मीटर बिघडला असेल," वृंदा म्हणाली.

"बिघडलेला मीटर थांबतो. साडेसात हजार पुढे जात नाही."

आमच्या शास्त्रात एक देवदत्त आहे. दिवसा जेवताना कुणी त्याला पाहिलेलं नाही, तरी तो चांगला लठ्ठ आहे. अर्थात तो रात्री जेवतो. विद्यार्थ्यांना हे उदाहरण मी पंचवीस वर्षं शिकवतोय. माझ्याच घरच्या शेडमध्ये देवदत्त चोवीस वर्षं शाल पांघरून उभा होता.

इंजिन मागच्या व्हरांड्यात उतरवलं. नटबोल्ट स्टीलच्या डब्यांत, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. कार्बोरेटर डिझेलमध्ये बुडवायला जे पातेलं घेतलं ते चहाचं होतं, हे मला उशिरा कळलं. वृंदा म्हणाली, "ते पातेलं आता तुमचं. त्यातच तुमचा चहाही करत जाईन." मोबाइलवर एक सरदारजी इंजिन कसं खोलायचं ते दाखवत होते, ते पंजाबीत सांगायचे, मी कोल्हापुरात चुकायचो. सिलेंडर निघता निघेना. सहा दिवस रोज तेल सोडलं, लाकडी हातोडीनं ठोकलं, सातव्या दिवशी तो सुटला.

आत काय दिसणार ते मला माहीत होतं. ऑइलविना तापून चिकटलेला, ओरबाडलेला पिस्टन. माझ्या पापाचा पंचनामा. मी मनाची तयारी केली होती.

पिस्टनवर एक ओरखडा नव्हता. रिंगा गंजून बसल्या होत्या, ते चोवीस वर्षांच्या ओलीनं. पण अंग गुळगुळीत, आणि डोक्यावर मोठ्या मापाचा आकडा कोरलेला. म्हणजे सिलेंडर आतून कातून मोठा केलेला आणि त्यात नवा, मोठा पिस्टन घातलेला. मी ज्याला मारलं तो हा नव्हताच. आपण वर्षानुवर्षं ज्याचं सुतक पाळावं तो कधी मेलाच नव्हता असं कळावं, तसं झालं. आनंद झाला नाही, आत्या. राग आला.

सिलेंडर पिशवीत घालून उद्यमनगरात, लेथवाल्यांच्या गल्लीत गेलो. त्याला आतून हलकं घासून घ्यायचं होतं. तीन-चार दुकानांनी सांगितलं, असलं जुनं काम दस्तगीरमामांकडेच न्या. मामा ऐंशीच्या घरातले. त्यांनी सिलेंडर उजेडाकडे धरला, आत बोट घातलं, बोट सावकाश फिरवलं आणि म्हणाले, "हे कुनी बोअर केलंय म्हाईत हाय काय?"

"नाही."

"मी."

"कशावरून?" मी विचारलं. बघ, सवय जात नाही.

"ह्या आतल्या खिडक्यांच्या कडा बगा. बोअर केल्यावर हितं धार ऱ्हाती, तिला रिंग अडकती. बाकीचे नुस्ता पेपर घासत्यात. मी कानशीनं मोडतो, आतनं, तिरकी. दीड तास जातोय. एवढा येडा कोल्हापुरात मी एकटाच हाय."

"गाडी कुणाची होती, आठवतं?"

"निळी गाडी. गनिताच्या टीचरबाई. आठवतंय की. त्यांनी बजावूनच सांगिटलंतं, घरचं कोन इचारत आलं तर म्हनायचं, इंजिन मेलं."

"मी घरचाच आहे."

"मग इंजिन मेलं," मामा म्हणाले आणि ठसका लागेपर्यंत हसले.

मी सांगितलं, बाई गेल्या. त्यांनी सिलेंडर मांडीवर ठेवला. म्हणाले, "गेर बदलायच्या तर आवाज न्हाय यायचा. बाप्यांस्नी जमत न्हाय तसं."

"एकट्याच यायच्या?"

"न्हाय. पयल्यांदा आल्त्या तवा रिक्षात कोन तर बसूनच ऱ्हायलंतं. खाली उतारलंच न्हाय. मी कशाला बगाय जातोय?"

झालं. रिक्षात लपून बसलेलं कुणीतरी! घरी आलो आणि पहिल्यांदा मागची सीट तपासली. तिच्या स्प्रिंगा पुढच्या सीटपेक्षा जास्त दबलेल्या होत्या. म्हणजे मागे कुणी बसत होतं, आणि नेमानं बसत होतं. तुला सांगायला लाज वाटते, पण माझा संशय तुझ्या शाळेतल्या चित्रकलेच्या गुरुजींवर गेला. दर संक्रांतीला छत्री घेऊन तिळगूळ द्यायला येणारे ते. संक्रांतीला छत्री कशाला लागते, हा प्रश्न तर मला लहानपणापासून पडलेला. त्यांचं वजन छत्रीसकट पन्नास किलो असेल, त्यानं स्प्रिंगा दबणं शक्य नव्हतं. पण संशय एकदा धावायला लागला की वजनकाट्यापाशी थांबत नाही. तुझं प्रेमप्रकरण असतं तर मी तुला क्षमाही केली असती. त्यासाठी मी पुणं सोडलं, यात निदान काही भव्यता होती.

महिनाभर गेला. रिंगा नव्या, ऑइल सील नवे, क्लचची वायर नवी. परवा सकाळी टाकीत पेट्रोल ओतलं आणि ऑइल या खेपेला सांगितल्याहून जास्तच घातलं. अठराव्या किकला ती बोलली. इतका धूर झाला की समोरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. वृंदा दारात येऊन म्हणाली, "चालते?" मी मान हलवली. तिनं खोकत खोकत विचारलं, "मग रडताय कशाला?" धुरानं, म्हटलं.

तिथून थेट उचगाव गाठलं.

काकूंच्या दारात इंजिन बंद करायच्या आतच त्या जोत्यावरून खाली आल्या. गुडघ्यांनी अधू झाल्यात, भिंतीला धरून आल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "बंद करू नको," म्हणाल्या. "ऐकू दे जरा."

ऐकून झाल्यावर मी किल्ली फिरवली आणि विचारलं, "काकू, भजन कुठं व्हायचं?"

"कसलं भजन?"

"रविवारचं. नऊ वर्षांचं."

त्यांनी तोंडाला पदर लावला. आत्या, त्या लाजल्या नाहीत, हसत होत्या. "बस. आदी पानी पी," म्हणाल्या.

मग सगळं बाहेर आलं. मळ्यातल्या पाण्याच्या मोटरीच्या खोलीत गाडी असायची. मी तुला दारात सोडून वळलो की तुम्ही दोघी सासूबाईंना "मळ्यात भाजी काढून येतो" सांगून निघायचात. परतताना मेथीच्या दोन पेंड्या हातात असल्या की कुणी काही विचारायचं नाही. मी विचारलं, "कुठं जायचात तुम्ही?" तर म्हणे, कुठंही. जोतिबाच्या डोंगराला किती खेपा झाल्या गणती नाही. देवळात क्वचित, वळणावर गाडी लावून भडंग खाणं नेहमी. पुढे पुढे सपाटीला त्यासुद्धा चालवायला लागल्या होत्या. नवव्या वर्षी ती मोटरीची खोली पाडायला काढली, तेव्हा गाडी शाल पांघरून घरी आली. रिक्षात लपून बसणाऱ्या त्याच. उद्यमनगरात त्यांच्या दिरांची ओळख होती, कुणी बघू नये म्हणून.

"आणि पाचलाच का बोलवायचात मला?"

"दिवस मावळायच्या आत जेवाय लागतंय न्हवं आमाला. सासू ताट वाढून दारात बसायची. पाचला आलं न्हाय तर गावभर इचारत सुटली असती."

म्हणजे मी नऊ वर्षं जो पाचचा ठोका पाळला, तो काकूंच्या ताटासाठी. शास्त्रातला देवदत्त रात्री जेवून लठ्ठ राहिला, काकू रात्री न जेवता. स्प्रिंगांचा उलगडा झाला. चित्रकलेच्या गुरुजींची मी मनातल्या मनात क्षमा मागितली. छत्रीचं मात्र अजून कळलेलं नाही.

"पण लपवायचं कशाला?" मी विचारलं. "दुरुस्त झाली तर झाली, सांगायचं."

"सांगिटलं असतं तर परत किल्ली खिळ्यावर. तुजा बाप, तुजा चुलता, मग तू. अक्का म्हनायची, चालू गाडी सगळे मागत्यात, मेलेली कोन मागत न्हाय."

हे तुझं पहिलं उत्तर, जे मी निमूट मान्य केलं. मीही त्याच खिळ्याचं गिऱ्हाईक होतो.

पण मी तिथे थांबलो नाही. आवाज चढला माझा. म्हटलं, "मला एकट्याला तरी सांगायचं. काकू, मी पुण्याला गेलो नाही. तिच्यासाठी. आणि ती माझ्या गाडीवर बसून स्वतःच्या गाडीकडे येत होती."

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. "ते बी म्हाईत हाय," म्हणाल्या. "तू न्हाय जायचं ठरवलंस, त्या रविवारी अक्कानं गाडी भाईर काढलीच न्हाय. ह्या जोत्यावर बसून ऱ्हायली. मी म्हनलं, सांगून टाक की पोराला, जाऊ दे त्याला. गाडी घिऊनच जा दारात. तशी निघाली बी. कोपऱ्यापातूर गेली आन् फिरून आली."

"का?"

"तुला राग येईल."

"येऊ दे."

"म्हनली, त्यो माज्यासाठी थांबत न्हाय, त्रिशला. त्यो भ्यालाय. मी गाडी चालू हाय म्हनून सांगिटलं तरी जायाचा न्हाय, दुसरं कारन हुडकंल. मग त्यापरीस कारन म्हनून आत्या बरी. लोकांत सांगाय तरी चांगली दिसती." मग काकू खरं तेच सांगायचं ठरवल्यासारख्या म्हणाल्या, "आन् असं बी म्हनली, मला बी माजा रविवार पायजे हाय."

मी पाणी संपवलं. निघताना काकूंनी मागच्या सीटवर हात फिरवला आणि विचारलं, "येत्या रविवारी?"

"गुडघे?"

"गुडगं माजं हाय. तू तुजं बग."

येताना वाटभर मी भांडलो तुझ्याशी. काकू हे रचून सांगत असतील असंही वाटलं. बाई पंच्याहत्तरीला आलेली, जुन्या गोष्टीला मीठमसाला लागणारच. मग पुलाच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली, कारण मला एक गोष्ट आठवली. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. वृंदालाही नाही.

प्रवेशाचे कागद द्यायला मी पुण्याला गेलो होतो, हे तुला माहीत आहे. तिथे विभागाच्या दारापर्यंत पोचलो. आत माझ्याच वयाची दोन मुलं सरांसमोर कसल्याशा सूत्रावर वाद घालत होती, संस्कृतमध्ये, हसत हसत, जसं आपण मिसळीवर बोलतो तसं. त्यांची वाक्यं मला कळत होती. पण तसं एकही माझ्या तोंडून निघालं नसतं. मी जिल्ह्यात पहिला येणारा, तटावर उभं राहून पाठ केलेलं भाषण ठोकणारा. मी दारावर टकटक केली नाही. कागद पिशवीतच राहिले. एसटी स्टँडवर तीन तास बसलो आणि रात्रीच्या गाडीची वाटही न बघता मिळेल त्या गाडीनं परत आलो.

तू दार उघडलंस. म्हणालीस, "एवढ्या लवकर?" मी म्हटलं, "ऑफिस बंद होतं." तू माझ्या पिशवीकडे बघितलंस. आणि "हातपाय धू" म्हणालीस.

आत्याची गाडी, आत्याला कोण सोडणार, हे सगळं त्यानंतर चार दिवसांनी मला सुचलं.

म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं. आणि नऊ वर्षं तू माझ्या मागे बसलीस, खांद्यावर हात ठेवून. पडू नये म्हणून ठेवतेस असं मी समजायचो. तुझ्यासारखी गाडी चालवणारी बाई पडते कुठली?

घरी आल्यावर वृंदाला सगळं सांगितलं, पुण्याच्या दारासकट. लग्न ठरताना आत्यासाठी पुणं सोडणारा मुलगा म्हणून माझी कीर्ती तिच्या माहेरापर्यंत गेली होती, तिला आता काय वाटेल ही धास्ती होती. ती शेंगदाणे सोलत होती. म्हणाली, "मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं."

"कसं काय?"

"आपल्याला मिरजेला जायचं होतं. गाडी खरंच सुटते का ते बघायला तुम्ही आदल्या दिवशी दोनदा स्टेशनवर जाऊन आलात."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"आत्या बोलत नव्हत्या. मी कोण मधे?" आणि मला दाण्यांची वाटी दिली.

बघ, सगळ्यांना ठाऊक होतं. तू, काकू, वृंदा. पंपावरच्या माणसावर, काकूंवर, दस्तगीरमामांवर, छत्रीवाल्या गुरुजींवर मी संशय घेत हिंडलो. एका इसमाला मात्र मी तेहतीस वर्षांत साधं बोलावून विचारलंसुद्धा नाही की तू पुण्यात नक्की काय केलंस.

तरी माझा राग पूर्ण गेलेला नाही, हे नोंदवून ठेव. तू सांगायला हवं होतंस. निदान मी चाळिशीचा झाल्यावर, निदान दवाखान्यातल्या त्या शेवटच्या आठवड्यात, जेव्हा मी तुझ्या उशाशी बसून पुन्हा एकदा "आत्या, तुझी गाडी माझ्यामुळे गेली" म्हणालो. तू माझा हात धरून नुसती हसलीस. मला वाटलं, माफ केलंस. तुला भीती वाटली होती का, की कारण काढून घेतलं तर माझ्यापाशी काहीच उरणार नाही? उरलंय, आत्या. घाबरू नकोस. फार मोठं नाही, पण उरलंय. नववीची मुलं बरी आहेत. एकीला तर 'राम'ची रूपं उलटीकडून येतात, कशाला शिकली कोण जाणे.

एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. दरवर्षी दहावीच्या निरोप समारंभात मी एक भाषण करतो. त्यात तू असतेस, बंद पडलेली स्कूटर असते आणि कर्तव्यासाठी पुणं सोडणारा एक तरुण असतो. भाषण चांगलं होतं. मुली डोळे पुसतात, मुख्याध्यापक मान डोलावतात. शेवटी मी त्यांना सांगतो, आपल्या माणसांसाठी थांबायला शिका. ते ऐकून आजवर कोण कोण कुठे जायचं थांबलं असेल, या विचारानं मला दोन दिवस झोप नाही.

या वर्षीचा समारंभ पुढच्या महिन्यात आहे. तुला वचन देतो, या खेपेला गोष्ट खरी सांगेन. पुण्यातल्या त्या दारापर्यंत नेईन सगळ्यांना, आणि म्हणेन की मी भ्यालो, टकटक केली नाही, आणि परत येऊन आत्याचं नाव पुढे केलं. पाठ करून जाणार नाही. आवाज कापला तर कापू दे. मुख्याध्यापकांनी मान डोलावली नाही तरी चालेल. ज्या कुणा मुलामुलीच्या पिशवीत न दिलेले कागद असतील, त्यांनी तरी ते ऐकावं.

तुझा भित्रा भाचा,
श्रीपाद